शेडातला पान्हा

रामलिंग बाळा,

भूकंपात माझी तान्ही लेक गेली आन् तुझी माय गेली. पत्र्याच्या शेडात तू भुकेनं रडलास, तशी माझी चोळी भिजली. मी तुला पदराखाली घेतलं. उन्हाळ्यात तुझे काका तुला देवणीला घेऊन गेले. "पोराला हे कधी सांगू नका," म्हणाले.

आमची आरती आता लातूरला डॉक्टरकीचा क्लास करायलीय. काल घरी आली तवा मोठ्यानं वाचत होती, बाळ रडलं की मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून हार्मोन सुटतं, मग पान्हा फुटतो.

मी विचारलं, "लेकरू दुसरीचं असलं तर?"

"ग्रंथीला काय कळतंय, आई?"

तुझं लग्न ठरलं म्हणं. मंडपात काकीच माय म्हणून उभी राहील, तेच बरोबर हाय. मला फक्त लांबून एकदा तुझं तोंड बघायचं हाय.

तुला पाजलेली,
साखराबाई