इंजिन ड्रायव्हरच्या पोझमध्ये मी

२ जानेवारी
नगरपालिकेने ठरवलं. स्टेशनसमोरच्या चौकात ब्राँझचं शिल्प. गावाचा रेल्वेचा वारसा. इंजिन, ड्रायव्हर, प्लॅटफॉर्म, प्रवासी. शिल्पकार बाई बाहेरून आल्यात, त्यांना मॉडेल म्हणून गावातलीच माणसं हवीत. ड्रायव्हर कोण, हा प्रश्नच नाही. अख्खी नोकरी रेल्वेत काढली. बुकिंग खिडकीमागे काढली, हा तपशील झाला. मी तिकीट दिल्याशिवाय गाडीत बसलं कोण?

५ जानेवारी
ही म्हणाली, दादाला विचारतील, तो खरोखर इंजिन चालवायचा. मेहुणा माणूस चांगला. पण चेहऱ्याला भारदस्तपणा नाही. ब्राँझला काय कामाचा? हिला समजावलं. ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली.
उद्यापासून साखर बंद. पोट आत गेलंच पाहिजे.

६ जानेवारी
बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना. एकदम सोडणं तब्येतीला बरं नसतं. हळूहळू.

११ जानेवारी, संध्याकाळ
बाईंच्या शेडवर गेलो. ओल्या मातीचा वास, तारांचे सांगाडे. बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. हात दांड्यावर, नजर क्षितिजावर, असा उभा राहून दाखवलं. बाईंनी मान तिरकी करून पाहिलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही मला हवेच आहात." शब्द जसेच्या तसे लिहिलेत. घरी सांगितलं तर ही म्हणाली, कशासाठी ते विचारलंत का? हिला शंका फार.

१९ जानेवारी
पहिली सीटिंग. उभं राहून पाय भरून आले. बाई समजूतदार. म्हणाल्या, त्या बाकावर टेका. टेकलो. जरासा डोळा लागला. जाग आली तर बाई झपाट्याने माती थापत होत्या. घाईघाईने क्षितिजाकडे पाहिलं. म्हणाल्या, नको नको, आधीचंच छान होतं.
आधीचं म्हणजे करारी मुद्रा.

२८ जानेवारी
शेडवर मेहुणा दिसला. इकडे कुठे, विचारलं. म्हणाला, बाईंनी बोलावलंय, इंजिनाबद्दल काही विचारायचंय. म्हणजे सल्लागार. योग्य काम. धीर दिला, म्हटलं, पडद्यामागेही माणसं लागतातच. तो नुसता हसला.
सकाळचं चालणं सुरू करणार होतो. नवे बूट चावतात.

१४ मार्च
भाषण तयार. अनावरणाला 'दोन शब्द बोला' असा आग्रह होणार. अजून कुणी केलेला नाही. ही म्हणाली, अहो, एकदा जाऊन बघून तरी या काय केलंय ते. मुद्दाम गेलो नाही. स्वतःचा पुतळा आधी पाहणं उथळपणाचं.

२ एप्रिल
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
पडदा सरकला. इंजिनाच्या दारात, हात दांड्यावर, नजर लांब रुळांवर: मेहुणा. हुबेहूब. खाली बाकावर, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पोटावर दोन्ही हात, असा गाढ झोपलेला प्रवासी. मग असा हशा पिकला की बँडवाले वाजवायचं विसरले. ही हसून हसून डोळे पुसत होती.
बाईंना जाब विचारला. म्हणाल्या, "काका, ड्रायव्हर कुठेही मिळतो. इतकं निर्धास्त झोपणारा माणूस मला गावभर दुसरा सापडला नाही."
मेहुण्याने खांद्यावर हात ठेवला. झटकला.

३ एप्रिल
बाक हटवा, नाहीतर कोर्टात जातो, असं नगरपालिकेला ठणकावणार. हिला सांगितलं. ही जवळ येऊन बसली. म्हणाली, दादाकडे बघत होतं कोण? सगळी गर्दी तुमच्याभोवती होती.

८ एप्रिल
विचार केला. हिच्या बोलण्यात तथ्य आहे. ड्रायव्हर पडला उंचावर, कुणाचा हात पोचत नाही. माझ्याशेजारी मात्र बसायला जागा ठेवलीये. म्हणजे प्रमुख पात्र मीच. कोर्ट रद्द. उद्या चौकात जायचं. लोक ओळखणार, थांबवणार. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

९ एप्रिल
गेलो. पुतळ्याशेजारी बसलो. ओळख पटायला सोपं जावं म्हणून चष्माही जरा खाली ओढला. एक जोडपं आलं, सोबत दोन मुली. मुली धावत जाऊन पुतळ्याच्या मांडीवर चढल्या, एकीने त्याच्या गालाचा मुका घेतला. बापाने मोबाइल काढला. माझ्याकडे पाहिलं. पुतळ्याकडे पाहिलं. परत माझ्याकडे. मी घसा साफ केला.
तो म्हणाला, "आजोबा, जरा उठता का? फोटोत येताय."
उठलो.