दाराजवळचं स्टूल

आईस,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, खोलीत ऊनही छान येतं. तुला हल्ली झोप लागते का? खरं सांग, नाहीतर दादाकडून कळेलच.

बाबा गेल्यावर तुला ज्या डॉक्टरांकडे नेलं होतं, ते आठवतात? दाराजवळच्या स्टुलावर बसवून, मान वर न करता म्हणाले होते, "झाडूवाल्यांना कसलं आलंय नैराश्य? कामाला लागा, झोप येईल." बदली होऊन ते इथेच आलेत. वस्त्यांमधल्या माणसांचं दुःख कसं ऐकायचं, हे मी डॉक्टरांना शिकवते. काल ते माझ्या वर्गात होते.

वर्गात प्रत्येकाला एकदा पेशंट व्हावं लागतं. त्यांची पाळी आली तेव्हा मी स्टूल मुद्दाम दाराजवळ ठेवलं. ते बोलू लागले आणि मी कागदावर रेघोट्या मारत बसले.

"मॅडम, जरा इकडे बघाल का?"

"बोला हो, कान उघडे आहेत माझे."

आधी काहीबाही बोलत होते, मग स्वतःची बायको वारल्याचं सांगू लागले. तरी मी मान वर केली नाही. माझ्या पेशात हे बसत नाही, ठाऊक आहे. पण आई, मला फार बरं वाटलं.

शेवटी मी तुझी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "असे खूप येतात हो, मला नाही आठवत."

म्हणून उद्याही त्यांचीच पाळी आहे. स्टूल मी हलवलेलं नाही.

तू मात्र पाठ टेकून निवांत झोप.

तुझीच,
धाकटी