दोष बनवणाऱ्याचा

रविवार, १९ जानेवारी २०२५

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ लिहून ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंना नीट आठवत नाही.

ज्येष्ठांच्या स्पर्धेआधीची तपासणी. माझ्या आधी अकरा एअर रायफली टेबलावर आल्या. प्रत्येकीच्या चापाला वजन लावून तो सहज सुटत नाही ना ते पाहिलं, वहीत खूण केली, सोडलं. बारावी माझी. रंगनाथ — क्लबच्या रेंजचे प्रमुख — यांनी वजन बाजूला ठेवलं आणि खणातून रबरी हातोडा काढला. रिकामी रायफल ताणली, नळी वाळूच्या पेटीकडे केली आणि दस्त्यावर दणका दिला. एक. दोन. तिसऱ्याला खट्ट — आपोआप सुटली. चापाला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं.

वहीत लिहिलं: घरगुती बनावट. धोकादायक. रेंजवर बंदी. दोष बनवणाऱ्याचा.

"मॅडम, घरी केलेलं घरीच ठेवा. इथे माणसं असतात."

"घरीही माणसंच असतात," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

अकरा रायफलींना वजन आणि एकीला हातोडा. का? आडनाव वाचून? — लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

हमीद — माझे यजमान — बाहेर रिक्षात बसले होते. "नाही ना घेतली?" एवढंच विचारलं.

सोमवार, २० जानेवारी

झोप नाही. बनवणाऱ्याचा दोष म्हणे! बनवणारे कोण, ते त्या वहीला माहीत आहे का? एकतीस वर्षं फिटर. नळी तेवढी जुन्या बाजारातली. दस्ता, चाप, आतला तुकडा न् तुकडा ह्यांनी गॅलरीतल्या टेबलावर केलेला. माझ्यासाठी. निवृत्तीनंतर मी नेमबाजी शिकायचं काढलं तेव्हा सगळे नातेवाईक हसले, हे तेवढे माझ्या हाताचं माप घ्यायला लागले.

चाप तेवढा राहिला. जड, आणि ओढताना खरखर लागायची. तो नीट करायच्या आधीच अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. दोन वर्षं टेबलावर चादर होती. गेल्या डिसेंबरात मीच ती काढली. म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते.

त्यांच्या नियमांपुढे आमच्या शाळेतल्या सिस्टर बऱ्या. छर्रे दुसऱ्या खोलीत. रायफल रिकामी आहे हे आधी मी बघायचं, मग त्यांनी, मग पुन्हा मी. मगच चाप उघडायचा. त्यात नखाएवढा एक पोलादी तुकडा आहे, ताणलेली स्प्रिंग तोच अडवून धरतो. त्याची कड ऑईलस्टोनवर, म्हणजे तेल लावलेल्या धारेच्या दगडावर, गुळगुळीत करायची.

"पुसायचं, टीचर. घासायचं नाही. वीस हात, मग थांबायचं, मला दाखवायचं."

मी टीचर कधीच नव्हते. टेलिफोन खात्यात होते. पण माझ्या बोलण्यावरून लग्नापासून हेच नाव पडलंय.

बुधवार, २२ जानेवारी

जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. मीही नाही जेवले.

गुरुवार, २३ जानेवारी

क्लबला पत्र लिहिलं. दोन पानं, एकही शिवी नाही, तरी प्रत्येक ओळ लागेल अशी. बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या आहेत, तक्रार कशी करतात ते मला कळतं.

हमीद म्हणाले, "पाठवू नकोस."

"तुमच्या नावावर ठपका आहे."

"असू दे."

असू दे? कारखान्यात एका नटाचा आटा तिरका म्हटला म्हणून साहेबाशी आठवडाभर न बोललेला हा माणूस. हात गेला तेव्हा वाटलं होतं, निदान माणूस तरी राहिला. आता तेही वाटत नाही.

आणि काम किती छान झालं होतं! सात दिवस वीस-वीस हात करून खरखर जाईना. आठव्या दुपारी ह्यांचा डोळा लागला होता. मी चाळीस हात मारले, मग आणखी चाळीस. तुकडा आरशासारखा झाला. चाप असा सुटायला लागला, जसा शेंगेतून मटार निसटतो. ह्यांनी उठून डाव्या अंगठ्याचं नख त्या कडेवरून फिरवलं. बराच वेळ फिरवत होते. मग म्हणाले, "छान झालंय."

पत्र पोस्टात टाकलं.

सोमवार, २७ जानेवारी

रंगनाथांनी बोलावून घेतलं. चहा मागवला. मी घेतला नाही.

"मॅडम, पत्र वाचलं. मराठी फार छान आहे तुमचं."

"कौतुक नकोय. हातोडा मलाच का, ते सांगा."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, हमीदभाईंचाच फोन आला होता. तपासणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी. म्हणाले, वजन लावून सोडू नका, दणका द्या. दोन-तीनमध्ये सुटेल."

मी म्हटलं, शक्य नाही.

"तुकड्याचं कडक पोलाद वरच्या सालीपुरतंच असतं म्हणाले. ती साल घासून गेली. आतलं मऊ. आज धरेल, उद्या नाही. समोर कुणी वाकलेलं असलं तर..." मग हळूच, "दोष बनवणाऱ्याचा लिहा, म्हणाले. बाईंचं नाव कुठेही नको."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

"ते मीही विचारलं. म्हणाले, मला नाही जमणार."

चालत घरी आले. ऐंशी हात. वाटेत मोजत होते.

मंगळवार, २८ जानेवारी

क्लबला दोन ओळी पाठवल्या: पत्र मागे घेते, वहीत माझं नाव घाला.

दुसरी चिठ्ठी ह्यांच्या चहाच्या बशीखाली ठेवली आहे. इथे उतरवून ठेवते.

"हमीद, तुकडा मी बिघडवला हे मला सांगायला तुम्ही घाबरलात, की माझी कीव केलीत? दोन्हींतलं एक लिहा. तोंडी उत्तर चालणार नाही. डाव्या हाताने लिहा, अक्षर कसंही येऊ दे. शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी सहाच्या आत."