जोडलेली बाकं

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. बाबा तर सध्या इतके हसतात की आई म्हणते, चर्चच्या पाळकाला शोभतं का हे!

हसण्याचं कारण तूच. लहानपणी बाबांनी न्यायाच्या दिवसावर उपदेश केला, की देव राजा होऊन निवाडा करेल, मेंढरं म्हणजे तारलेले उजवीकडे, शेरडं म्हणजे टाकलेले डावीकडे, आणि पुढच्या रविवारपासून तू चर्चमधलं उजवं बाक जे धरलंस, ते तापानं फणफणलास तरी सोडेनास. मग एकदा वचन वाचायला बाबांनी तुला पुढे उभं केलं, आणि तुला कळलं की तिथून बघितलं तर आपलं बाक डावीकडे! भर उपासनेत भोकाड पसरलंस. सगळी मंडळी पोट धरून हसली, तू काही हसला नाहीस.

मोठेपणी तू चर्चला यायचं सोडलंस, तेव्हा बाबा रागाच्या भरात बोलून गेले की न्यायाच्या दिवशी हा डावीकडेच उभा असेल. तू बॅग भरून घर सोडलंस ते सोडलंसच. मला बाबांचा इतका राग आला होता म्हणून सांगू!

तर परवा शेजारचे शिंपीकाका तुमच्या इस्पितळातून ऑपरेशन करून परतले. म्हणाले, तिथल्या स्वयंपाकघरात आपला बारक्या आहे. वाढणी संपली की उरलेलं गरम करतो आणि बाहेर पायऱ्यांवर ताटकळलेल्या नातेवाइकांना वाढतो. हे कशासाठी रे, असं काकांनी विचारलं, तर म्हणालास, भूक लागते त्यांना, आणखी कशासाठी? वर विचारलंस, मीठ बरोबर आहे ना.

बाबांनी काकांना ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. मग पवित्र शास्त्र उघडून तोच अध्याय मोठ्यानं वाचला. राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत; तर उजवीकडचेच त्याला विचारतात, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? बाबा मला म्हणाले, अगं, त्या मेंढरांना पत्ताच नाही आपण मेंढरं असल्याचा! निवाडा करणं राजाचं काम, मी कशाला त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो? आणि रडता रडता हसायला लागले. ते हसू अजून थांबलेलं नाही.

काल सुताराला बोलावून त्यांनी चर्चमधली मधली वाटच बुजवली. दोन्हीकडची बाकं जोडून एकेक लांब रांग केली, ये-जा भिंतीच्या कडेनं. मंडळी कुरकुरताहेत, नवरा-नवरी चालणार कुठून? बाबा म्हणतात, भिंतीकडून आलात तरी लग्न लागतं.

येत्या रविवारी निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा उपदेश आहे. अध्याय तोच. वचन तू वाचावंस असं त्यांना फार वाटतं, पण स्वतः लिहायचा धीर होत नाही. तू नाही म्हणशील याची धास्ती. म्हणून मला बसवलंय, आणि झालं का, झालं का करत दारातून डोकावताहेत. ये रे. वाचून झालं की हवं तिथे बस. उपदेश संपला की बाबा खाली उतरून तुझ्या शेजारी येऊन बसणार आहेत.

वाट पाहणारी, तुझीच
ताई