पुढल्या दाराने जावे

धाकट्या बंधूस,

तुला शहर दाखविण्याचे वचन मी दिले होते, परंतु पोटातील गाठ काढण्याकरिता आज रुग्णालयात दाखल होत आहे. आईस तूर्तास कळवू नये.

जेवावयास पुलाजवळील भोजनगृहात जावे. तेथील भांडी मी एकोणीस वर्षे घासली. माशाची ताटे चाटूनपुसून परत येतात, सबब मासाच मागवावा. रात्री तेथे गाणेही असते. मला ते मोरीत अर्धेच ऐकू येई, तू पूर्ण ऐकावेस. माझी ओळख मात्र सांगू नकोस, नाहीतर आचारी प्रेमापोटी मागल्या दाराने आत घेईल. तू पुढल्या दाराने जा, खुर्चीवर ऐटीत बैस.

उद्या भेटावयास येशील तेव्हा, मी शुद्धीवर असो वा नसो, त्या माशाची चव मला सांग. मी आजवर केवळ काटेच पाहिले.

तुझा दादा