बुवांची पाठ

तीर्थरूप अण्णा,

इथूनच पायांवर डोकं ठेवते, पोचलं असं समजा.

मी ठणठणीत आहे. खोलीत आता ऊनही येतं. तुमची धाप कमी झाली का? आई फोनवर "बरं आहे" एवढंच म्हणते, ते काही मला पटत नाही.

काल बुवांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. गळा गेल्यावर त्यांनी ही चित्रं काढली म्हणे. तुम्ही विचारलं होतंत, "मी आहे का गं कुठे?" खरं सांगते, चित्रांत माइक आहे, दिवे आहेत, पहिल्या रांगेतली माणसं आहेत. बुवांच्या मागे तानपुरा घेऊन जन्मभर बसलेले तुम्ही कुठेच नाही. मला रागच आला.

शेवटच्या चित्रात मात्र नुसती बुवांची पाठ आहे. डाव्या खांद्यावरून शाल घसरलीय. तानपुरा न थांबवता तुम्ही एका हाताने सावरायचात ना, तीच. ती पाठ अशी फक्त तुम्हालाच दिसायची, अण्णा. हे चित्र काढताना बुवा मनाने तुमच्या जागी येऊन बसले असणार.

माझा हात नकळत पुढे झाला. रखवालदार म्हणाला, "बाई, हात लावू नका."

शाल तशीच राहिली.

तुमची,
धाकटी