गोधडीवाली पर्यटक

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेकडून पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला की अजून तुला रात्रभर जागवतो? परसातल्या पेरूला फळ धरलं असेल. (तू खातेस हे मला इथे बसून कळतं. खा, पण बिया दारात थुंकू नकोस.) आम्ही सगळे धडधाकट आहोत. माझं अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे. मात्र त्यांच्याबद्दल जिथे लिहिलंय ते ते गाळतील, तेवढं तूच जुळवून वाच.

तर मी इथे पर्यटक आहे. हसू नकोस. सासूला ठेवून घ्यायचा कागद या देशात मिळत नाही, पण फिरायला आलेल्या बाईला तीन महिन्यांचा शिक्का मिळतो, म्हणून मी फिरायला आलेय. काय काय पाहिलं ते सांगते. स्वयंपाकघराची खिडकी पाहिली. तिच्यातून दिसणारी समोरच्या इमारतीतली स्वयंपाकघराची खिडकी पाहिली. तिच्यात एक म्हातारी उभी असते, ती मला पाहते. (तीही फिरायलाच आली असेल, विचारायची सोय नाही.) बाकी वेळ नातीला पाहण्यात जातो. तिचं नाव आम्ही भोंगा ठेवलंय, कारण ती रडली की खालच्या मजल्यावरचा न्हावी वर बघतो. लेक हॉटेलच्या धुलाईत कामाला आहे, दिवसभर इस्त्रीच्या गरम रुळांतून चादरी काढते. जावई गोदामात माल लावतो. दोघांच्या पाळ्या अशा की घरात एकमेकांना दारातच भेटतात. पाळणाघरात पोरीला जागा मिळायला अजून वर्ष आहे. मी नसले तर लेकीची नोकरी गेली, आणि एका पगारात हे घर चालत नाही. एवढं सगळं माझ्या फिरण्यावर उभं आहे बघ.

तीन महिने संपत आले की जावई मला बसने सरहद्दीपलीकडे नेतो. पलीकडच्या देशात उतरायचं, बाकावर बसून डबा खायचा आणि परत यायचं, की नवीन शिक्का. त्या देशाबद्दल विचारशील तर बाक लाकडी होता. बसचा रस्ता असा, की पोटातलं सगळं वर येतं आणि मग पोटही वर येतं. जावई पिशवी धरून बसतो. तोंड वाकडं करत नाही, एकदाही नाही. (लग्नात मी त्याला मुखदुर्बळ म्हटलं होतं. तो अजूनही बोलत नाही, पण पिशवी धरतो. बोलणारे जावई मी पुष्कळ पाहिलेत.)

त्याने मला शिकवून ठेवलं होतं की खिडकीतल्या अधिकाऱ्याने काही विचारलं तर हसायचं आणि ‘फिरायला’ या अर्थाचा त्यांचा एक शब्द म्हणायचा. आता मी हसले की भांडायला आल्यासारखी दिसते हे तुला ठाऊक आहे. तरी दोन खेपा निभावल्या. तिसऱ्या खेपेला घात झाला, आणि तो माझ्या हातांनीच झाला. रिकामे हात मला सोसत नाहीत, म्हणून भोंग्याची गोधडी मी दर खेपेला बसमध्ये शिवायला नेत होते. माझी जुनी लुगडी आणि तुझी ती हिरवी साडी, जी तू मला प्रेमाने दिलीस. (फाटली होती म्हणून दिलीस.) पहिल्या खेपेला ती मांडीवर मावत होती, दुसऱ्या खेपेला गुडघ्यांखाली आली, आणि या खेपेला खांद्यावर टाकून रांगेत उभी राहिले तर मागच्या माणसाचा पाय तिच्यात अडकला.

खिडकीत मागच्या खेपेचीच अधिकारी बाई. जाडसर, चष्मा दोरीला बांधलेला. तिने पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं, मग गोधडी पाहिली, आणि दोन्ही हात फाकवून दाखवलं की मागच्या वेळी एवढीच होती. जावयाचा चेहरा धुलाईतल्या चादरीसारखा झाला. तिचं बरोबरच होतं ग. फिरायला निघालेली बाई अंथरूण शिवत शिवत कशाला फिरेल? तिने विचारलं, आमच्या देशात काय पाहिलंत? जावयाने संग्रहालयाचं आणि समुद्राचं नाव पाठ करून घेतलं होतं, ते दोन्ही त्या पिशवीतून गेलं. मी आपल्या भाषेत सांगितलं, बाई, लेकीची लेक पाहिली, तिचे दोन दात पाहिले, तिसरा येतोय तो पाहायचा राहिलाय, तेवढ्यासाठी शिक्का दे. जावयाने ते जसंच्या तसं सांगितलं. बिचाऱ्याला खोटं सुचलंच नाही.

तिने गोधडी आत मागितली. मला वाटलं, गेली. पण तिने ती उलटी केली आणि मागचे टाके पाहिले. उलटी बाजू पाहणारी बाई शिवणारी असते, हे सांगायला दुभाषी लागत नाही. बराच वेळ बोट फिरवत राहिली. (तुझ्या हिरव्या साडीवर थांबली होती, तेवढा आनंद तूही घे.) मग तिने शिक्का मारला आणि सांगितलं की हा शेवटचा. आता बाहेर पडलात की वर्षभर यायचं नाही, गोधडी घेऊन नाही आणि गोधडीवाचून नाही. तिथूनच मला परत धाडली असती तर कोण काय करणार होतं? पोर शेजारणीकडे, लेक कामावर. मी काचेच्या भोकातून हात घालून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, तर शिपाई धावत आला. तिनेच त्याला परत पाठवलं. देव तिच्या डोळ्यांना बळ देवो.

एक गोष्ट एकदाच लिहिते, परत लिहायला लावू नकोस. मी इथे पोर आंदुळू शकते कारण तिथे माझ्या घराला तू रोज दिवा दाखवतेस, कोंबड्या झाकतेस आणि माझं उणं कोणाला कळू देत नाहीस. तुझा राग येतो तो येतोच, पण दुसरी जाऊ मिळाली असती तर मला हे जमलं नसतं. झालं. पुढे वाच.

भाऊजींना आशीर्वाद. पेरूचं लक्षात ठेव.

तुझी,
थोरली

ता. क. भाऊजींना सांगून तुझ्या पासपोर्टचा अर्ज लगेच घालून दे. माझा शिक्का संपायच्या आत तू इथे यायचंस. भोंग्याला कोणीतरी घ्यायला हवं, आणि तुझ्याखेरीज कोणाच्या हातात ती द्यावी असं मला सुचत नाही.

दुसरा ता. क. बसबद्दल मी जरा वाढवून लिहिलंय. रस्ता चांगला आहे. बाकही बरा आहे.

तिसरा ता. क. भाऊजींची काळजी करू नकोस. मी घरी परतले की त्यांना दोन वेळ जेवायला घालीन आणि खोकूही देईन.

शेवटचा ता. क. गोधडीचा एक कोपरा तुझ्यासाठी ठेवते, सुई त्यातच टोचलेली असेल. तुझे टाके मोठे येतात, पण पोर काही उलटी करून बघणार नाही. फक्त सरहद्दीवर नेऊ नकोस. ती बाई बघेल, आणि माझं नाव जाईल.